नसीमचे खाली राहिलेले हात

शेफिल्डचा येमेनी वंशाचा बॉक्सर नसीम हमीद हात कमरेपाशी सोडून लढायचा. सलग 35 लढती जिंकलेला. तो ‘आपला’ म्हणून आम्ही शाळकरी पोरं त्याच्यावर फिदा. 7 एप्रिल 2001 रोजी लास वेगासमध्ये समोर मेक्सिकोचा मार्को अँटोनियो बॅरेरा होता. एरवी तोही धसमुसळा, पण त्या रात्री घाई न करता डावा हुक मारत राहिला. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी बॅरेरालाच कौल दिला. मी कित्येक वर्षं पंचांना शिव्या घातल्या. अलीकडे लढत नीट पाहिली. फेरीमागून फेरी ठोसे बसताहेत, आणि नसीमचे हात मात्र खालीच. त्यानंतर तो एकदाच रिंगमध्ये उतरला.