घाटातील बाई आणि चालकाची झोप

अनमोडचा असो वा चोर्ल्याचा, घाट म्हटला की वळणावर हात दाखविणाऱ्या पांढऱ्या साडीतील बाईची कथा ट्रकचालकांकडून ऐकू येते. मला ती हसण्यावारी नेववत नाही. पहाटे २ ते ५ ही निद्रेची वेळ. उघड्या डोळ्यांनीही मेंदू क्षणभर निजतो आणि स्वप्न रस्त्यावर उतरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्या ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमानेच ठरविली होती. मालाची घाई ती गिळते. घाटदेवतेपुढे नारळ ठेवण्यास जुने चालक थांबत, तेवढाच विसावा! आपल्या नाक्यावर गाडी बाजूस लावून निजलेल्या चालकास, कृपा करून, हुसकावू नका.