एकाच राबातले तारे

कशेळे येथे खगोलशास्त्रावर व्याख्यान द्यावयाचे, तर त्याचा प्रारंभ भाताच्या राबापासून करणे अप्रस्तुत ठरू नये. एका राबात एकाच दिवशी पेरलेली रोपे वयाने सारखी असतात, हे कर्जत तालुक्यातील प्रत्येक शेतकरी जाणतो. त्यांतील एखादे रोप उंच आणि एखादे खुजे दिसले, तर तो फरक वयाचा नसतो. त्याचे कारण बियाण्यात किंवा जमिनीत शोधावे लागते. हाच तर्क ताऱ्यांचे वय काढताना शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला आहे. एकट्या ताऱ्याकडे पाहून तो तरुण आहे की वृद्ध, हे सांगणे फार कठीण. परंतु एकाच वायुमेघातून, जवळजवळ एकाच काळी जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह सापडला, की अभ्यासकाला जणू आकाशातला राबच गवसतो. अशा विरळ समूहांना खुले तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिकांचा पुंजका हा त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचा.

कशेळ्याचे आकाश

कशेळे हे गाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे येथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून १९ अंश उंचीवर दिसतो. तर कृत्तिका, रोहिणीभोवतीचा गुच्छ आणि पुष्य नक्षत्रातील धुरकट दिसणारा गुच्छ हे तिन्ही जवळजवळ डोक्यावरून जातात. पुष्यातील गुच्छ तर माथ्यापासून एका अंशाच्या आतूनच सरकतो. उलट, वृश्चिकाच्या नांगीजवळचा तेजस्वी गुच्छ दक्षिणेस ३६ अंशांहून फारसा वर चढत नाही. त्याचा प्रकाश येथे पोचेपर्यंत, माथ्यावरील ताऱ्याच्या प्रकाशाच्या तुलनेत, सुमारे १.७ पट हवेतून येतो. हवा प्रकाश शोषते व विखुरते. म्हणून ताऱ्याचे तेज अचूक मोजावयाचे असेल, तर तो माथ्याजवळ असणे हिताचे असते. ही अनुकूलता या भूभागाला निसर्गतःच लाभली आहे.

प्रकाशाचे मोजमाप

ताऱ्याचे तेज मोजण्याच्या शास्त्रास प्रकाशमापन म्हणतात. गुच्छाचे छायाचित्र प्रथम निळ्या व नंतर पिवळसर-हिरव्या गाळणीतून घेतले जाते. दोन्ही मापांतील फरकावरून ताऱ्याचा रंग आकड्यांत मिळतो आणि रंगावरून तापमान कळते. निळसर तारा अधिक तप्त, तांबूस तारा कमी तप्त. गुच्छातील प्रत्येक ताऱ्याचे तेज व रंग आलेखावर मांडले, की बहुतेक ठिपके एका तिरप्या पट्ट्यात येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हर्ट्झस्प्रुंग व रसेल या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ही मांडणी केली.

या आलेखात वयाचे गमक दडलेले आहे. तारा जितका वजनदार, तितका तो आपले इंधन अधिक वेगाने संपवितो. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षे. सूर्याच्या दसपट वस्तुमानाच्या ताऱ्याचे मात्र अवघी दोन-तीन कोटी वर्षे. गुच्छाचे वय वाढत जाते, तसतसे वरचे निळे तारे पट्टा सोडून तांबड्या अवस्थेकडे वळतात. पट्टा जेथे वळतो, तेथे गुच्छाचे वय वाचता येते. कृत्तिकांचे वय या रीतीने दहा ते तेरा कोटी वर्षे ठरते. पुष्यातील गुच्छाचे वय साठ-सत्तर कोटी वर्षे आहे, तर त्याच कर्क राशीतील मेसिए ६७ या गुच्छाचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे, म्हणजे सूर्याच्या वयाच्या जवळपास येते.

वर्णपटाची साक्ष

तथापि रंगावर विसंबणे नेहमीच सुरक्षित नसते. आकाशगंगेत ताऱ्यांच्या दरम्यान सूक्ष्म धूळ पसरलेली आहे. तिच्यातून येणारा प्रकाश मंद व तांबूस होतो. सायंकाळचा सूर्य हवेमुळे लाल दिसतो, तसाच काहीसा हा प्रकार. अमेरिकेतील रॉबर्ट ट्रंपलर यांनी १९३० मध्ये खुल्या तारकागुच्छांचाच अभ्यास करून या धुळीचा पुरावा दिला. तेजावरून काढलेले अंतर खरे मानले, तर दूरचे गुच्छ आकाराने विनाकारण मोठे ठरत होते. प्रकाश वाटेतच शोषला जात आहे, हाच त्याचा अर्थ होता.

अशा वेळी दुसरा साक्षीदार लागतो, तो वर्णपटाचा. ताऱ्याचा प्रकाश विभागला, की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्या कोणत्या तापमानाला ठळक व कोणत्या तापमानाला फिकट होतात, याचे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. धूळ ताऱ्याचा रंग बदलू शकते. त्याच्या वर्णपटातील रेषांचा मेळ ती बदलू शकत नाही. रेषांवरून खरा रंग कळतो, मोजलेल्या रंगाशी त्याची तुलना केली की धुळीचा हिशेब लागतो, आणि मगच अंतर व वय विश्वसनीय ठरते.

गुच्छाचा खरा सदस्य कोणता, हेही वर्णपट सांगतो. रोहिणी हा तेजस्वी तारा गुच्छाच्या मध्यभागीच असल्यासारखा दिसतो. परंतु रेषांच्या सरकण्यावरून तो सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे आढळते, तर गुच्छाचा वेग सुमारे ३९ किलोमीटर आहे. रोहिणीचे अंतर ६५ प्रकाशवर्षे, गुच्छाचे सुमारे १५०. म्हणजे दिसायला शेजारी, परंतु नाते काहीच नाही.

महाराष्ट्राची परंपरा

या शास्त्राची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली व तेथे वर्णपटांचा अभ्यास केला. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून त्यांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे जवळजवळ शतकभराने, २००६ मध्ये, पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण गिरावली येथे कार्यान्वित झाली. कशेळे-खांडस मार्गाने भीमाशंकरची चढण संपते, त्या घाटमाथ्याच्या पलीकडे, जुन्नर-घोडेगाव परिसरात ही वेधशाळा आहे. तिच्यावरील एकाच उपकरणाने आकाशाचे चित्रण आणि ताऱ्याचा वर्णपट ही दोन्ही कामे करता येतात.

राबातही एखादे रोप कोड्यात टाकते. ध्रुवाजवळील एन.जी.सी. १८८ हा गुच्छ सूर्याहूनही वृद्ध. तरीही त्यात काही तारे निळे, म्हणजे तरुण दिसतात. २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने २०१६ मध्ये अशा एका ताऱ्याचा तप्त जोडीदार उघड केला. जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतल्याने म्हातारा तारा तरुण भासतो, या उपपत्तीला त्यामुळे बळ मिळाले.

काळोखाचे जतन

या सर्व अभ्यासाला एक साधन अनिवार्य आहे, ते म्हणजे काळोख. ताऱ्याचे माप घेताना भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करावा लागतो. आकाशच उजळले, तर मंद तारे हिशेबातून गळतात व गुच्छाचा आलेख अपुरा राहतो. सोडियम दिव्यांच्या रेषा ताऱ्याच्या वर्णपटात मिसळतात. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश तर वर्णपटभर पसरलेला असल्याने तो गाळून टाकणे अधिकच अवघड. कशेळ्याच्या पश्चिमेस महानगराचा उजेड आहे, पूर्वेस अजून सह्याद्रीचे रान आहे. गावात दिवे हवेतच. रात्रीच्या वाटेला व घराला त्यांची गरज आहे. परंतु दिव्यावर झाकण असावे, प्रकाश जमिनीकडे पडावा आणि गरज नसेल तेथे दिवा मालवावा. याने विजेचीही बचत होते. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती काळोखाचे असेच जतन केल्यामुळे.

कार्तिकात कृत्तिका सायंकाळी पूर्वेस उगवतात. साध्या द्विनेत्रीतूनही त्यांचे निळसर तारे डझनांनी मोजता येतात. या परिसरातील शाळांनी अमावास्येच्या सुमारास ते विद्यार्थ्यांना दाखवावेत. ताऱ्यांच्या वयाचा हिशेब तेथून सुरू होतो, आणि त्यासाठी लागणारी पहिली सामग्री, म्हणजे काळोखी रात्र, गावाच्या स्वतःच्या हाती आहे.