घरकुल मंजूर, पण जागा कुणाची?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



घरकुलांच्या अनुदानावर बोलायचं म्हणजे योजनांची नावं आणि रकमा सांगाव्या लागणार. त्या सांगेनच. पण आधी आपट्याजवळच्या एका कातकरी वाडीत माझ्या हातून झालेली चूक सांगते.

आपटा पनवेल तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी. रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट तिथे चित्रित झाला, म्हणून अजूनही लोक फोटो काढायला येतात. तिथून डोंगराच्या अंगाला गेलं की कारवीच्या कुडाची, वर प्लॅस्टिक टाकलेली काही घरं लागतात. फोटोवाले तिथवर येत नाहीत.

या वाडीत मी मोठ्या उत्साहाने घरकुलाचे अकरा अर्ज भरले. बाईचं नाव पहिलं लिहायचं, असा माझा हट्ट. अंगठे झाले, फोटो झाले. महिन्याभराने सगळे अर्ज परत आले: 'जागेचा पुरावा नाही.' तोवर वाडीत मोजमाप चाललंय ही बातमी जमीनमालकाच्या कानावर गेली होती. त्याने स्टॅम्पपेपर आणला. 'आम्ही मालकाच्या मर्जीने इथे राहतो, जागेवर आमचा हक्क नाही' अशा मजकुराखाली दोन बायकांचे अंगठे घेतले. त्यांना वाटलं, हाही घरकुलाचाच कागद. वाटणारच. आदल्या महिन्यात मीही असेच अंगठे घेतले होते.

त्यातली एक मावशी मला नंतर म्हणाली, "ताई, घर सरकारचं, जमीन शेटची. मग माझं काय?"

आता योजनांकडे येते. इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली, ती मुळात दलित, आदिवासी आणि मुक्त वेठबिगारांसाठी. घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावं, हे तिच्याच नियमांत आलं. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. किमान २५ चौरस मीटरचं घर, सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. १५ नोव्हेंबर २०२३ ला अतिमागास आदिम जमातींसाठी जनमन अभियान जाहीर झालं. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात. घराला २ लाख रुपये, आणि २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांत देशभर ४ लाख ९० हजार घरांचं उद्दिष्ट. रक्कम दर वेळी वाढली. घराखालची जमीन कुणाची, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

नियमात त्याचं उत्तर आहे. भूमिहीन लाभार्थीला जागा देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुलासाठी जागा खरेदीला मदत मिळू लागली, आधी ५० हजार, पुढे ती १ लाख झाली, पाचशे चौरस फुटांपर्यंत. विमानतळ, अटल सेतू, नैना यांच्या नावाने जिथे जमिनीचे भाव बोलले जातात, त्या पनवेल तालुक्यात एवढ्या पैशांत कोण जागा विकतो? आणि भाव चढले म्हणूनच तर, आजोबाच्या काळात राखणीला आणि शेतावर मजूर हवेत म्हणून ज्यांनी वाडी बसवून घेतली, त्यांची नातवंडं आता तारेचं कुंपण घालायला निघाली आहेत.

मग करायचं काय? आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. वाडी गावठाणात घेण्याची मागणी. जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. १९४८ च्या कुळकायद्यातही शेतमजुरांच्या राहत्या घरांना संरक्षण आहे. पण तिथे किती वर्षं राहतो हे दाखवावं लागतं. म्हणून आम्ही कागद गोळा करायला बसलो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचे दाखले, एका म्हातारीच्या ट्रंकेत निघालेलं पोराचं लसीकरणाचं कार्ड. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे खरं. पण वस्ती होती याचा तो पुरावा आहे, आणि कातकऱ्याच्या घरात जपून ठेवलेला कागद फार थोडा असतो. पावसात भिजतो, उंदीर खातात.

हे कागद बहुतेक पुरुषांच्या नावे निघाले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बायकोचंही नाव लावा, असं सरकारने २००३ साली सांगितलं. आमच्या वाडीत ते एकाही घराला लागलेलं नव्हतं. जिचा नवरा भट्टीवर दुसरीकडे राहायला गेला, तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तिच्यासाठी शेजारणींचे जबाब लिहून घेतले. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती सभा आम्ही मागून घेतली, आणि गावठाणाचा ठराव तिथे पहिल्यांदा मांडला. गावातल्या काही बायकांनी विरोध केला, हेही सांगायला हवं. 'यांना जागा दिली की यांची संख्या वाढेल' असं एक बोलली. स्त्रिया म्हणून आपण सगळ्या एक, हे मी शिबिरात म्हणते तितकं सोपं नाही.

त्या दोन अंगठ्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. वकिलाच्या सल्ल्याने दोघींनी लेखी हरकत दिली, की मजकूर वाचून दाखवला नव्हता. ती टिकेल की नाही, ठाऊक नाही. मी मात्र आता मजकूर दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय कुणाचाही अंगठा घेत नाही. माझ्या स्वतःच्या अर्जावरही.

मोजणी पावसाळ्यानंतर होईल असं सांगितलंय. ती दिवाळीच्या आत व्हायला हवी. दिवाळी झाली की वाडी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाते, दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडायला, ती पावसाच्या तोंडावर परतते. मोजणीदार आला तर त्याला दारावर काटेरी झाप लावलेली घरं दिसतील, आणि तो कागदावर लिहील: वस्ती आढळली नाही. म्हणून चार म्हाताऱ्यांनी ठरवलंय, या वर्षी भट्टीवर जायचं नाही.