तेलातली नोकरी गेल्यावर पुढची कुठे धरावी?

(यशवंतपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर बोलावे अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो विषय पुढच्या बैठकीला घेऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, जावई तेलाच्या धंद्यात आहेत. कोणी वेल्डर, कोणी रिगर, कोणी इन्स्ट्रुमेंट फिटर. कोणी आखातात, कोणी मुंबई हायच्या समुद्रात. काम सुटले की मुलगा घरी येतो, महिनाभर बसतो आणि मग भेटेल त्या एजंटाच्या हाती पासपोर्ट देऊन मोकळा होतो. विचारतो काय, तर पगार किती. आमचे म्हणणे असे की त्याआधी दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. काम तेलाच्या कोणत्या टप्प्यावरचे आहे, आणि नाव कोणाच्या मस्टरवर लागणार?

पण त्याच्याही आधी हातात कोणता कागद पडला आहे तो वाचा. ले-ऑफ आणि रिट्रेंचमेंट या दोन गोष्टी एक नव्हेत. ले-ऑफमध्ये नाव मस्टरवर राहते, वर्ष भरलेल्या कायम कामगाराला निम्मा मूळ पगार व महागाई भत्ता मिळतो, आणि काम सुरू झाले की त्याला परत घ्यावे लागते. रिट्रेंचमेंट म्हणजे नाव कमी केले. त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तरी एवढे त्यात शाबूत आहे. मोठ्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. केंद्राच्या कायद्यातली ती मर्यादा मात्र १०० कामगारांवरून ३०० वर नेली, आणि ती आपल्या हिताची नाही हे आम्ही तेव्हाही बोललो होतो. तिसराच प्रकार जास्त चालतो. ठेकेदार कोऱ्या कागदावर सही घेतो आणि त्याचाच राजीनामा होतो. अशी सही केली की वरचे सगळे हक्क पाण्यात.

आता टप्प्यांचे बघू. रेल्वेवाल्यांना हे समजावायला वेळ लागू नये. आपल्याकडे कन्स्ट्रक्शन आणि ओपन लाईन असा भेद आहे. ओपन लाईनच्या कॅज्युअलला १२० दिवसांनी टेंपररी स्टेटस मिळे. कन्स्ट्रक्शनवाल्याने वर्षानुवर्षे माती टाकली, रूळ टाकले, आणि लाईन सुरू झाली की तो घरी. १९८५ साली इंद्रपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा कुठे ३६० दिवस भरलेल्या प्रोजेक्ट कॅज्युअलचा विचार झाला. तेलात नेमके हेच आहे. विहीर खणणे, प्लॅटफॉर्म उभारणे, नळ टाकणे, रिफायनरी बांधणे हे सगळे कन्स्ट्रक्शन. खणून झालेल्या विहिरीतून तेल काढणे, ते शुद्ध करणे, साठवणे, वाटणे ही ओपन लाईन.

तेलाचा भाव पडला की कंपनी पहिल्यांदा नव्या विहिरी थांबवते. जून २०१४ मध्ये पिंपाचा भाव ११० डॉलरच्या वर होता, जानेवारी २०१६ मध्ये तो ३० च्या खाली आला. त्या उन्हाळ्यात सौदीत हजारो भारतीय कामगार पगाराविना, काही छावण्यांत तर जेवणाविना अडकले, आणि सरकारला मंत्री पाठवावा लागला. त्यांतले बहुतेक बांधकामावरचे होते. तेलाचा पैसा आटला की आधी बांधकामावरचा माणूस उपाशी राहतो. रिफायनरी मात्र भाव पडला म्हणून बंद होत नाही; शहराला पेट्रोल लागतेच.

आपल्या यशवंतपूरच्याच फलाटावरून दोन वाटा फुटतात. एक गाडी बाडमेरला जाते. तिथले मंगला क्षेत्र २००४ साली सापडले, २००९ साली त्यातून उत्पादन सुरू झाले. ते तेल मेणासारखे थिजते, म्हणून त्याचा नळ वाटभर गरम ठेवावा लागतो, आणि त्या कामाला जाणकार माणूस कायम लागतो. त्याच मुलखात पचपदऱ्याला २०१८ साली रिफायनरीचे बांधकाम निघाले, त्याला वेल्डर-फिटर ढिगाने लागले. दोन्ही 'तेलाचीच' कामे, एक टिकणारे, एक संपणारे. दुसरी वाट हासन, सकलेशपूरवरून मंगळूरची. तिथे वर्षाला दीड कोटी टन क्षमतेची रिफायनरी आहे, आणि तिथून नळाने तेल इथे देवनगोंथीच्या डेपोपर्यंत येते. नळाने जाणारे तेल वाघिणीतून जात नाही, तेव्हा आम्ही रेल्वेवाल्यांनी त्या नळाचे कौतुक करावे असे काही नाही. पण मुलाच्या पोटाचा प्रश्न असेल तर डेपो आणि नळ ही टिकाऊ जागा आहे.

मात्र रिफायनरीच्या फाटकातून आत गेला म्हणजे रिफायनरीचा कामगार झाला असे नव्हे. दर काही वर्षांनी प्लांट दुरुस्तीसाठी बंद करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. तेवढ्या आठवड्यांसाठी ठेकेदार माणसे भरतो. आमच्याकडे एका निवृत्त सॉर्टरचा मुलगा आला होता. सहा वर्षांत अकरा शटडाऊन केलेले, हातात कला उत्तम, पण पी.एफ.ची चार खाती, एकही दुसऱ्याशी जोडलेले नाही, आणि शेवटच्या ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवलेला. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला द्यावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. हजेरीची झेरॉक्सही नव्हती. त्याला आम्ही बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यायला सांगितले. ते प्रमाणपत्र रिफायनरीत चालते आणि उद्या कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यातही चालते. तेल बुडाले तरी माणूस बुडत नाही.

समुद्रातल्या कामाचे वेगळे बोलले पाहिजे. तिथे पैसा जास्त, म्हणून ओढही जास्त. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला, २२ माणसे गेली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, बहुतेक ठेकेदारांची. सत्तरच्या वर परत आली नाहीत. वादळाची सूचना आधीच मिळाली होती. बार्ज बंदरात आणायचा की नाही हे त्यावरच्या वेल्डरला कोण विचारतो? म्हणून आमचा सल्ला असा की पावसाळा तोंडावर आला असता संपत आलेल्या समुद्रातल्या कामावर नव्याने जाऊ नये. जायचेच तर विमा कोणाच्या नावावर आहे, समुद्रातल्या सुरक्षेचे प्रशिक्षण कोण देणार, हे लेखी घ्यावे.

आखाताविषयी टपालवाल्यांना आम्ही काय सांगावे? एके काळी परदेशाहून पाकीट आले की कोणाच्या घरी चूल पेटणार आणि पाकीट थांबले की कोणाच्या घरी रडारड होणार, हे पोस्टमनला आधी कळे. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर इराकचे सैन्य चालून गेले तेव्हा लाखाच्या वर भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते बघा, करार इथेच मागा, आणि एखाद्या माणसाला तो वाचायला लावा ज्याला त्यात कमिशन नाही.

ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्याला युनियनच्या कार्यालयात घेऊन यावे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पी.एफ.चा नंबर, काढून टाकल्याचा कागद, जे असेल ते आणावे. नव्या कायद्याने काढलेल्या माणसाची मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची असते, तेव्हा ज्याची थकली आहे त्याचा अर्ज तिथेच लिहून देऊ. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स आणा.