जुना संगणक, नवी प्रणाली : पडदा आणि कळफलक यांच्या अडचणी
(व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक हे दृश्य आता अपरिचित राहिलेले नाही. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. नवी आवृत्ती ज्यांना पेलत नाही, अशा संगणकांचा प्रश्न त्यामुळे अधिकच पुढे आला. यंत्र धडधाकट आहे. परंतु त्यावर चालवावे काय, हे सुचत नाही. अशा वेळी मोबाइलवरील अँड्रॉइड प्रणाली संगणकावर चालविण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘अँड्रॉइड-एक्स८६’ या मुक्त प्रकल्पाने तो खुला केला. ‘ब्लिस ओएस’ ही प्रणालीही याच वाटेने जाणारी आहे.

तथापि, प्रयोग करणाऱ्यांपैकी अनेकांची पहिल्याच दिवशी निराशा होते. पडदा काळा राहतो, अक्षरे मुंगीएवढी दिसतात किंवा माऊसचा बाण हलत नाही. मग यंत्रावर ‘निकामी’ असा शेरा पडतो. वस्तुतः पुष्कळदा बिघाड यंत्रात नसतोच. मोबाइल बनविणाऱ्याला आपल्या यंत्राचा पडदा व स्पर्शाची व्यवस्था आधीच ठाऊक असते. संगणकाला मात्र कोणताही पडदा आणि कोणताही माऊस जोडला जातो. दोघांची ओळख पटली नाही, की संवाद तुटतो. तो नेमका कोठे तुटला हे क्रमाने शोधणे, हेच दुरुस्तीचे सार होय.

पहिला नियम असा की, प्रणाली बसविण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. सुरुवातीच्या यादीत न बसविता चालविण्याचा पर्याय असतो. त्यात संगणकातील माहितीला हात लागत नाही. कायम बसविताना जुनी माहिती पुसली जाऊ शकते. यास्तव तिची प्रत आधी अन्यत्र ठेवावी.

आता पडद्याकडे वळू. प्रथम तार तपासावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला मागे दोन ठिकाणी पडदा जोडता येतो आणि तार चुकीच्या जागी लावलेली असते, हा नेहमीचा अनुभव आहे. तार ठीक असूनही पडदा काळाच राहिला, तर ऑल्ट आणि एफ१ या कळा एकत्र दाबाव्यात. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी दिसल्या, तर यंत्र जागे आहे, केवळ चित्र उमटत नाही, असे समजावे. ऑल्ट व एफ७ दाबल्यास पूर्वस्थानी परत येता येते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून यादीतील ‘वेसा’ पर्याय निवडावा. तो नसल्यास सुरुवातीच्या आज्ञेच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग जोडावा. या उपायाने प्रणाली ग्राफिक्स कार्डाची खास सामग्री बाजूला ठेवून साधे चित्र दाखविते. चित्र मिळते, पण चलच्चित्रे अडखळतात. म्हणून हा निदानाचा मार्ग मानावा. कायमच्या वापरासाठी प्रणालीची दुसरी आवृत्ती वापरून पाहावी.

अक्षरे फार लहान वा मोठी दिसत असल्यास तो बिघाड नव्हे. अँड्रॉइड दर इंचास १६० ठिपके हे मूळ प्रमाण मानून आकार ठरविते. सेटिंग्जमधील प्रदर्शनाचा आकार बदलला, की पुष्कळदा काम भागते. एखादे ॲप उघडताच चित्र आडवे पडले, तर ते ॲप उभ्या मोबाइलसाठीच रचलेले आहे, असे समजावे.

कळफलक व माऊस यांच्या बाबतीत साधी अदलाबदल फार उपयोगी पडते. लॅपटॉपचा स्पर्शफलक चालत नसेल, तर तारेचा माऊस जोडावा. तो चालला, तर दोष प्रणालीच्या त्या स्पर्शफलकाशी असलेल्या ओळखीचा आहे. तोही चालला नाही, तर जोडणीची जागा बदलावी आणि तोच माऊस दुसऱ्या संगणकावर तपासावा. माऊसचे उजवे बटण दाबताच मागचे पान येते, एस्केप कळेनेही तसेच घडते. हा मोबाइलच्या ‘मागे’ बटणाचा अवतार आहे, दोष नव्हे. मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण अशी की, कळफलक जोडला की पडद्यावरील कळफलक दिसेनासा होतो. भाषा व इनपुटच्या सेटिंग्जमध्ये, भौतिक कळफलकाच्या विभागात, पडद्यावरील कळफलक दाखविण्याचा पर्याय चालू केला की तो परत येतो आणि त्यातील मराठीची निवड करता येते.

काही मर्यादा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अनेक ॲप मोबाइलच्या एआरएम प्रोसेसरसाठी बनलेले असतात. ते संगणकावर उघडले नाहीत, तर पडद्याला दोष देऊ नये. अँड्रॉइड-एक्स८६ची ९.० ही आवृत्ती २०२० मधील असून तीत नंतरच्या सुरक्षा-सुधारणा नाहीत. म्हणून बँकेचे व्यवहार, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती किंवा कार्यालयीन अभिलेख अशा यंत्रावर ठेवू नयेत. पाठाची चित्रफीत, वाचन, शब्दकोश यांसाठी ते यंत्र पुरेसे ठरू शकते.

शेवटी एक साधी शिस्त. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा : काय बदलले, काय दिसले. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा हे कळत नाही. ही वही यंत्राजवळ राहिली, तर बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ‘निकामी’ हा शेरा लिहिण्यास एक क्षण पुरतो. तो खरा आहे की नाही हे पाहण्यास एक दुपार लागते. त्या दुपारीनंतर वर्गातील मुलांना एक संगणक मिळत असेल, तर ती दुपार सत्कारणी लागली, असेच म्हटले पाहिजे.