धुरावरचा कर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी करासारखा रुक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु घरचा जमाखर्च आपल्याच हाती असतो. वस्तू महागली की काय होते हे अर्थशास्त्र्यांच्या आधी आपल्याला कळते. तेल महागले की तळण कमी होते. मीठ महागले म्हणून आमटी मात्र कोणी अळणी करीत नाही. आजचा विषय बहुतेक एवढ्यातच आला.

कोळसा व खनिज तेल जाळले की कर्बवायू निघतो आणि तो हवेत साठून पृथ्वी तापते. जाळणाऱ्याला त्याचे काही मोजावे लागत नाही, नुकसान मात्र सर्वांचे. म्हणून त्या वायूवरच कर बसवावा, म्हणजे जाळणारा विचार करून जाळील, अशी ही कल्पना.

स्वीडनने १९९१ साली हा कर बसविला. आरंभी तो टनामागे २५० क्रोनर होता. २०२३ पर्यंत १,३०० च्या वर गेला. तिकडे थंडी कडाक्याची. शहराच्या एका मोठ्या भट्टीत पाणी तापवून ते नळांनी घरोघर फिरवितात. पूर्वी ह्या भट्ट्यांत तेल व कोळसा पुष्कळ जळे. लाकडावर हा कर नव्हता आणि अरण्ये तर दाराशीच; तेव्हा भट्ट्या लाकडाच्या तुकड्यांकडे व भुशाकडे वळल्या. नळ तेच, ऊबही तीच! १९९० च्या मानाने त्या देशातून निघणारे असले वायू एकतृतीयांशाहून अधिक घटले, आणि देश काही गरीब झाला नाही. सारे श्रेय कराला देऊ नये. वीज तेथे आधीपासूनच बहुतेक पाण्यावर व अणुशक्तीवर होत होती. कारखान्यांनाही बरीच वर्षे सवलत होती. तथापि हा कर वाढविताना मिळकतीवरील कर उतरविला, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

फ्रान्सात नेमके येथेच बिघडले. खेड्यात राहून मोटारीने कामावर जाणाऱ्याला ना आगगाडी ना बस. त्याचे डिझेल म्हणजे आमटीतले मीठच. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर आले आणि २०१९ ची करवाढ सरकारला सोडून द्यावी लागली.

आपल्याकडे २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला. २०१६ साली तो ४०० झाला. एक युनिट विजेला सुमारे साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर युनिटमागे सव्वीस पैसे. बिलात तो वेगळा दिसत नसे, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही नाही. हा पैसा स्वच्छ विजेच्या कामी यावयाचा होता. २०१७ पासून तो राज्यांची महसुली तूट भरण्याकडे गेला. कोळशाचा खप वाढतच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर उठला आणि कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. उपकर वजनावर होता. जीएसटी किमतीवर आहे. म्हणजे पुष्कळ राखेचा हलका कोळसा स्वस्त, म्हणून त्याला करही कमी. धुराचा हिशेब त्यात कोठेच नाही.