सायगावातली हळद

आम्ही सातारा-सांगलीकडची माणसं चहावर वाढलेली. त्यामुळे व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगावात, पहिल्याच सकाळी समोर कॉफी आली तेव्हा मी बावरलो. पेल्यावर पत्र्याची छोटी गाळणी. तिला 'फिन' म्हणतात. कडक कॉफी थेंबाथेंबानं गळते, तळाशी डब्यातलं घट्ट गोड दूध. कॉफी तिथं फ्रेंचांनी नेली. ताजं दूध मिळायची मारामार, म्हणून हे डब्यातलं. अडचणीतून आलेली ती चव आता तिथली ओळख झाली आहे.

जेवणाचं मात्र जमेना. डुकराचं मांस आम्हाला वर्ज्य, आणि विचारावं तर भाषा येत नाही. दोन दिवस केळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दक्षिण भारतातल्या मुसलमानांनी १९३५ साली बांधलेल्या मशिदीत नमाज पढलो आणि जवळच्या हलाल खानावळीत शिरलो. बाईंनी तापल्या कढईत पिवळं पीठ ओतलं. चर्र आवाज झाला. पदार्थाचं नाव 'बान्ह सेओ'. त्यातला 'सेओ' म्हणजे तो चर्र आवाजच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आत कोळंबी. आपलं घावनच म्हणा. आणि पिवळेपणा कसला? हळदीचा!

माझे अब्बा सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलायचे. त्यांचा सदरा कधी पांढरा राहिला नाही. शाळेतून न्यायला आले की मला त्या सदऱ्याची लाज वाटे. मी चार पावलं मागे चाले. परमुलखात पहिल्या घासाला तोच वास आला. अब्बा आता नाहीत. मी आणखी एक घावन मागितलं आणि सावकाश खाल्लं.